कमी चाललेली गाडी

पिपलानी, मंगळवार संध्याकाळ

बॉनेट बंद केलं आणि मीटर पुन्हा एकदा वाचला. शेजारच्या ब्लॉकमधल्या वर्माजींची पिकअप खरंच फार कमी चालली आहे. किंमत मात्र बाग सेवनियातल्या भाजीवाल्याच्या पिकअपच्या जवळजवळ दुप्पट. त्याची रोज होशंगाबाद रोडवर धावते; तिच्या मीटरवरचा आकडा बघवत नाही.

कारखान्यात जन्मभर आकडे बघून माल पास केला. आकडा हद्दीत असला की सही. इथे हद्द कोण ठरवणार?

सुधा चाकापाशी वाकली होती. टायर झिजलेला नव्हता, पण गाडी नुसती उभी राहून कडेने तडे गेले होते. वर्माजी म्हणाले, "चली ही कहाँ है, भाभीजी. नई समझिए."

घरी येताना सुधा म्हणाली, "रिटायर झाल्यापासून तुम्हीही उभेच आहात. गुडघे नवे झाले का?"

मी हसलो. नंतर ते बोलणं टोचत राहिलं. रोपवाटिका काढायची कल्पना माझी. रोपं पोचवायला गाडी हवी, हेही माझंच. मग इतके महिने नुसत्या गाड्याच का बघतोय? कमी चाललेली गाडी शोधतोय, की सुरुवात लांबवतोय? टायरवरचे ते तडे डोळ्यांपुढून हलत नाहीत.

बुधवार

सकाळी भाजीवाल्याची गाडी घेतली. क्लच जड आहे. घरापर्यंत मीच चालवत आणली. वाटेत गुडघा दुखला.