माहेरचं रान

प्रिय झुनू,

हे पत्र तुला हाटात मिळेल. बांगडीवाल्या मालतीअपाच्या हाती देते आहे. तुझ्या सासूसमोर देऊ नको असं तिला बजावलं, तर म्हणते, "मी काय आता प्रेमपत्रं पोचवायची?" मी म्हटलं, तसंच समज. सातवीपर्यंत माझ्या शेजारी बसून तू माझ्यापेक्षा चांगलं वाचायचीस, तेव्हा अक्षर लागत नाही ही सबब चालणार नाही. रागाने चुलीत घालायचं असेल तर घाल, पण शेवटपर्यंत वाचून मग.

इकडे थंडी पडली आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बायकांनी पहाटे उठून तांदळाच्या पिठाने लक्ष्मीची पावलं काढली. तुझ्या माहेरच्या दारात मात्र या वेळी पावलं नव्हती. अंगण कोरडं पाहून माझ्या आईने, बोऊने, आमच्या वाटीतलं उरलेलं पीठ नेलं आणि दोन पावलं काढून आली. ती वाकडीच आली. तुझ्यासारखी पावलं आमच्या गल्लीत कुणालाच जमत नाहीत.

आपली बुढीमुंडिया टेकडी आता इतकी दाट झाली आहे की वरच्या खडकावर उभं राहिलं तरी आपली घरं दिसत नाहीत, फक्त धूर दिसतो. आपण लहान होतो तेव्हा याच डोंगरावर एक बकरी चढली तरी गावातून दिसायची, आठवतं? सगळं रान तोडून नेलेलं, नुसती खुंटं उरलेली. पण सालवृक्षाची मुळं जमिनीखाली मरत नाहीत, हे आपल्या आयांना ठाऊक होतं. एकेका खुंटातून दहा-दहा कोंब फुटायचे. त्यातला सरळ असेल तो एक ठेवायचा आणि बाकीचे काढून टाकायचे, म्हणजे त्याला जोर येतो. आया कोंब काढायच्या आणि आपण दोघी ते टोपलीत भरायचो. एकदा तू टोपली आपटून रडायला बसलीस, "हेपण जगले असते ना!" तेव्हा तुझी आई म्हणाली, "सगळे जगवले तर झुडूप होतं, बाई. मला झाड पाहिजे." तुझ्या आईला मी बोलायला लागल्यापासून खुडी म्हणत आले. माझी ती काकूच. आणि तिचं ते बोलणं तेव्हा मला किती मोठं वाटलं होतं! कॉलेजात भाषणस्पर्धेत मी ते वापरलंसुद्धा. आता ते आठवलं की मला तुझी टोपलीच दिसते.

राखणीची काठी आधी पुरुषांच्या हातात होती. आपल्या गावचे राखणदार झाडाखाली बसून चोरांच्याच बिड्या ओढायचे. तुझे वडील असेच बसले होते आणि पाठीमागून बैलगाडीभर लाकूड गेलं, तेव्हा खुडीने भर रस्त्यात त्यांच्या हातातली काठी काढून घेतली. "उद्यापासून भात तुम्ही रांधा. बिडी तर चुलीवरही पेटते." त्या दिवसापासून काठी बायकांची झाली. संध्याकाळी डोंगरावरून उतरलेल्या दोघी आपापली काठी पुढच्या दोन घरांच्या दारांना टेकवून जातात. सकाळी जिच्या दारात काठी, ती डोंगरावर. घरात लग्न असो, ताप असो, काठीला नाही म्हणायचं नाही. मी ही गोष्ट कॉलेजात सांगायचे तेव्हा पोरी डोळे मोठे करून ऐकायच्या. माझी छाती फुगायची. आमच्या घरात पहिली पदवी माझी, पण गावाचं मोठेपण मला पदवीपेक्षा जास्त वाटायचं. अजूनही वाटतं, झुनू. तेच मला जड जातं आहे.

गेल्या वर्षीचा तो दिवस तुला काय सांगायचा! पण तू निघून गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी काठ्या आमच्या आणि तुमच्या दारात होत्या. पलीकडच्या, तुझ्या सासरच्या जामुझोल्याकडच्या उतारावर आम्हाला घाव ऐकू आले. ओलं लाकूड तोडल्याचा आवाज वेगळा येतो. खुडी पुढे, मी मागे. तू पाठमोरी होतीस, पण मी तुला पाठीवरूनच ओळखलं. मी म्हटलं, "खुडी, झुनू आहे." ती म्हणाली, "दिसतंय मला. डोळे गेले नाहीत माझे." मग तिने तुझ्या हातातून कुऱ्हाड घेतली आणि पकडलेल्या प्रत्येकीला विचारतात तसंच तुला विचारलं. नाव? नवऱ्याचं नाव? गाव? तू एकेक उत्तर दिलंस. 'जामुझोला' म्हणालीस आणि वर म्हणालीस, "माहेर नाही विचारत?" खुडी म्हणाली, "माहेर विचारायचा रिवाज नाही."

तू उतारावरून पळत गेलीस. पायात चप्पल नव्हती, ते मी पाहिलं. खुडी तू तोडलेल्या त्या खुंटाजवळ बसली. त्याच्यावर बोटं फिरवली, बोटाला लागलेला चीक लुगड्याला पुसला आणि मला म्हणाली, "पोरीचा घाव अजून तिरका पडतो. किती वेळा सांगितलं होतं." एवढंच. रात्री पखाळ भात खाल्ला नाही, दुसऱ्या दिवशी खाल्ला. कुऱ्हाड नेऊन ठाकुराणीच्या देवळाच्या छपरात टांगली, जशी प्रत्येकाची टांगतात. बायकांनी तिचं काय कौतुक केलं! कुंतळामाउसी तर म्हणाली, "पोटच्या पोरीला सोडलं नाही, आता कुणाची छाती आहे डोंगरावर चढायची?" खुडी तिथून उठून गेली.

तुझ्या सासरची अडचण मला कळत नव्हती असं समजू नको. तुमचा डोंगर अजून बोडका आहे, तुमच्या बायका सरपणासाठी नदीपर्यंत चालतात. "माहेरी लाकडाचा डोंगर आहे म्हणून तर तुला केली," हा टोमणा तुझी सासू भर हाटात मारते, तो माझ्या कानावरही आला आहे. म्हणून मी बैठकीत उभी राहिले. म्हटलं, लग्न होऊन गेलेल्या मुलीचा रानावर हक्क नाही हा नियम आपण बदलू. जामुझोल्यात आपल्या ज्या मुली आहेत त्यांच्या दारातही काठी ठेवू. त्या राखण करतील आणि राखणदारणीचा वाटा घेतील. मला वाटलं होतं सगळ्या टाळ्या वाजवतील. बघ मी कशी. कुंतळामाउसी म्हणाली, "आज लेक येईल, उद्या जावई येईल, परवा त्याचं अख्खं वऱ्हाड कुऱ्हाड घेऊन येईल." दुसरी म्हणाली, "बी.ए. झालीस ना, मग आधी नवरा बघ आणि त्याच्या गावात लाव जंगल." सगळ्या हसल्या. मी म्हटलं, इथे बसलेली एकतरी बाई या गावात जन्मली आहे का? तुम्ही सगळ्याच कुणाच्या तरी लेकी आहात ना? तेव्हा हसणं थांबलं. मला वाटलं, आता जिंकले.

तेवढ्यात खुडी बोलली. "माझ्या लेकीसाठी नियम मोडलात तर मी उद्या कुणाला कोणत्या तोंडाने अडवू? मला माझ्या माहेरचं पानसुद्धा मिळालं नाही. मी मेले का?" बैठक तिथेच संपली. तिच्यावर मी महिनाभर रागावले होते, झुनू. दारावरून जाताना बोलायचे नाही. ती आपली ओसरीवर बसून सालाच्या पानांच्या पत्रावळी टाचायची आणि मी दिसले की म्हणायची, "पदवीवाले, काडी दे गं एक."

नंतर एक गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांच्या लक्षात आली, पण अर्थ कुणी लावला नाही. तुमच्या स्वयंपाकघरातून पिवळट, कडू धूर यायला लागला. माझी बोऊ म्हणाली, "सावित्री पालापाचोळा जाळते वाटतं. झुनूचा बाप गेल्यापासून एकटीच, दोन मुठी भात." मीही तेच समजले. राखणीला गेलेली बाई येताना हाताने मोडेल तेवढं वाळलेलं लाकूड आणू शकते, तो तिच्या घराचा वाटा. तिच्या दारात काठी तर सगळ्यांसारखीच यायची. मग सरपण का नाही, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही.

मागच्या आठवड्यात तुमच्या दारात काठी आली, तेव्हा तिच्याऐवजी मी गेले. धुकं होतं. मी जामुझोल्याच्या उताराला गेले, कारण खुडी नेहमी तीच बाजू घ्यायची, कुणाला घेऊ द्यायची नाही. तू तोडलेल्या त्या खुंटापासून थोडं खाली एक मोठा खडक पुढे आला आहे, पाऊस लागत नाही तिथे. त्या खडकाखाली मोळ्या होत्या, एकीला लागून एक रचलेल्या. सगळं वाळलेलं लाकूड, हाताने मोडलेलं, कुऱ्हाडीचा घाव कुठेच नाही. सियाळीच्या वेलाने बांधलेल्या, आणि गाठ तुझ्या आईची, दुहेरी, शेपूट आत खोचलेलं. ती गाठ मी ओळखणार नाही का? कोपऱ्यातल्या जुन्या मोळ्यांना वाळवी लागून माती झाली होती. पुढच्या अजून टणक होत्या. मोळी डोक्यावर घ्यायला सोपी जावी म्हणून प्रत्येकीखाली दोन दगड लावले होते.

मी तिथेच बसून हिशेब लावला. ते रान आपल्याच हद्दीत आहे, तेव्हा तिने वाटा गावाबाहेर दिला नाही. तो तिच्याच घराचा वाटा होता, तेव्हा चोरीही नाही. तुला निरोपही पाठवला नाही, कारण निरोप पाठवला असता तर ते देणं झालं असतं. तू परत कधी आलीस, तर तुझ्या पायाला लागेल अशा जागी तिने ते नुसतं ठेवलं. आणि तू आली नाहीस. तू का आली असतीस? प्रत्येक बारीला वर जाऊन तिने ते जसंच्या तसं पाहिलं असेल आणि शेजारी आणखी एक ठेवली असेल. मग घरी येऊन पाला जाळला असेल. तिने नियम मोडला की पाळला, मला अजून ठरवता येत नाही. कॉलेजात मला वाटायचं, चांगला नियम कुणाला रडवत नाही. नियम चांगलाच होता, झुनू. त्यावरच हे रान उभं आहे. आज पुन्हा मत मागितलं तर रान असू नये असं मी म्हणू शकणार नाही, आणि तुला तोंडही दाखवू शकणार नाही.

मोळ्यांचं मी कुणाला सांगितलं नाही. वर पाला टाकून आले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. दिवाळीपासून खुडीला ताप आहे. मलेरिया डोक्यात गेला. आम्ही तिला खाटेवर घालून मोठ्या दवाखान्यात नेलं, त्यांनी काही दिवस ठेवलं आणि घरी न्या म्हणाले. मी आणि बोऊ आळीपाळीने बसतो. तिने तुझं नाव घेतलेलं नाही. तुला बोलवायला म्हणून मी खोटं लिहिणार नाही. ती आता कुणाचंच नाव घेत नाही, ओठ ओले केले तर तेवढं गिळते. पण काल कुंतळामाउसी एकटीच डोंगरावर जाऊन आली. गावात कुणी जाणार असेल तर चितेसाठी वाळलेलं झाड आधी बघून ठेवतात, तुला माहीत आहे. कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही. ती येऊन खुडीच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "चांगलं जुनं आहे, तिनेच राखलेलं." मग पदराने तोंड झाकून बाहेर गेली. झुनू, त्या लाकडाला हात लावायचा तुला हक्क आहे की नाही यावर उद्या बैठक बसेल आणि मी पुन्हा उभी राहून पुन्हा हरेन. पण ती श्वास घेते आहे तोवर तिच्याजवळ बसायला कुणाची परवानगी लागत नाही. रस्त्याने येऊ नको, फार लांब पडेल. पत्र वाचलंस की उठ आणि डोंगरावरून ये.

अजून तुझीच,
लिलिमा