टोलनाक्यावर अप्पा बोलले

दोंगसिक दादा,

तू महामार्गाच्या कामाला लागलास आणि त्याच रस्त्यात आपलं बटाट्याचं शेत गेलं, म्हणून अप्पांनी तुला घराबाहेर काढलं. त्या रस्त्याने ते स्वतःही कधी गेले नाहीत.

परवा आईच्या छातीत कळ आली. मी गाडी नेहमीसारखी जुन्या घाटाकडे वळवली, तर अप्पाच ओरडले, "ओकजा, बोगद्यातून घे!" वेळेत दवाखान्यात पोचलो, आई वाचली.

परतताना टोलनाक्यावरच्या मुलीला ते म्हणाले, "पोरी, हा बोगदा माझ्या मुलानं खणलाय बरं!"

"मग आजोबा, येत जा की नेहमी!"

हे पत्र मी टाकणार नाही. सकाळपासून अप्पा फोनजवळ बसलेत. त्यांच्याआधी मी काही सांगणं बरं नाही. फोन वाजला की उचल रे.

तुझीच,
ओकजा