उणे अठरा अंश

मी, कोळंबी परदेशी पाठवणारा व्यापारी, बाजारात ‘बर्फशेठ’ म्हणून ओळखला जाणारा, वय वर्षे बहात्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बायकोने तो दोनदा वाचला आणि विचारले, “पैसे देऊन घेतलात का?”

१. राहते घर बायकोला. तसेही ते तिचेच आहे; मी तिथे फक्त जेवायला आणि बोलणी खायला जात असे.

२. कारखाना व शीतगृह मुलगा आणि मुलगी यांना निम्मे-निम्मे. मुलगा कष्टाळू आहे, पण त्याला कोणालाच ‘नाही’ म्हणता येत नाही. गिऱ्हाईकाने भाव पाडला की हा वर त्याला चहा पाजतो.

३. माझा थर्मामीटर जावयाला. कारण सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कोर्टात कोणी विचारायला नको. हे गृहस्थ तेव्हा परदेशातल्या बंदरावर माल तपासत. त्यांनी माझा कंटेनर उघडला, कोळंबीत थर्मामीटर खुपसला आणि उणे अठराऐवजी उणे बारा भरले म्हणून अख्खा माल परत धाडला. मुलीला त्यांची भाषा येत होती, म्हणून भांडायला तिलाच पाठवले. आठवडाभर भांडून फोनवर म्हणाली, “बाबा, त्यांचं बरोबर आहे. आणि मी त्यांच्याशी लग्न करतेय.” पठ्ठ्याने माल परत पाठवला आणि मुलगी ठेवून घेतली! असला सौदा मी जन्मात पाहिला नाही. तेव्हापासून मी त्या घरी फोन केलेला नाही.

४. तरीही कारखान्यातून सुटणाऱ्या मालाची शेवटची तपासणी जावयानेच करावी. कोणाच्या बापाला न भिणारा माणूस आमच्या घरात दुसरा नाही.

५. मी गेल्यावर मुलगी पोहोचेपर्यंत अंत्यविधी करू नये. मला शीतगृहाच्या तीन नंबरच्या खोलीत ठेवावे. खोली आधी रिकामी करावी. कोळंबीशेजारी ठेवलेत तर सगळा माल बाद होईल आणि मेल्यावरही मलाच शिव्या बसतील. तापमान उणे अठरा. मुलाने दार उघडे टाकून गप्पा मारू नयेत. जावई आल्या आल्या थर्मामीटर लावणार, हे मी लिहून देतो. या वेळी मात्र माल परत पाठवायची सोय नाही. मुलीला माझ्याजवळ हवे तितके बसू द्यावे. मला तिची फार आठवण येते.

इथवर वाचून बायको कडाडली, “मढं बघायला बोलावताय पोरीला? आधी फोन लावा!” तिनेच लावला आणि माझ्या कानाला चिकटवला. पलीकडे जावई. आपल्या भाषेत, अडखळत म्हणाला, “बाबा, तब्येत कशी आहे?”

मी म्हणालो, “माल अजून ताजा आहे. दोघांनी येऊन तपासून घ्या.”

रविवारी येत आहेत. सबब कलम पाच तूर्त स्थगित. कलम तीन रद्द. थर्मामीटर मीच हातात देईन.

सही: बर्फशेठ

साक्षीदार:
१. समोरच्या कारखान्याचा मालक, माझा जुना प्रतिस्पर्धी (माझ्या मरणाच्या कागदावर इतक्या आनंदाने दुसऱ्या कोणी सही केली नसती)
२. दाखला देणारे डॉक्टर (पैसे न घेता)

ठिकाण: शीतगृहावरचे ऑफिस
तारीख: चौदा, शुक्रवार