घरात एक नाक हवं

२ फेब्रुवारी

चि. छोट्यास, ताईचे भरघोस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. निळ्या ज्योतीचं तू केलेलं कौतुक वाचून आधी हसू आलं, मग नाकाला रुमाल लावला, कारण तेव्हाच बाबा पलीकडे पिंपात कुजका कोबी कालवत होते. हाताने. तू हौसेने पाठवलेली ती खरकट्यापासून गॅस करणारी टाकी अंगणात ढेकर देत बसलेली असते आणि बाबा तिला दोन वेळा भरवतात. इस्पितळाच्या कँटीनमधलं उष्टं, भाजीवाल्याकडची सडकी फळं, मासळीची आतडी. परवा पिंपाचं झाकण काढलं तर वरचा थर हलत होता. अळ्या होत्या. मी तिथेच ओकले, तर बाबा म्हणाले की तेही टाकीला चालेल.

त्यांना काय, त्या आजारपणात त्यांचं नाक गेलं ते गेलंच. अत्तर आणि गटार त्यांना सारखंच. मला मात्र केसांत, उशीत, शिवायला आलेल्या कापडात तोच वास येतो. शिवणाचं दुकान घरातच असल्यावर दुसरं काय होणार. मागच्या आठवड्यात एका बाईंनी कोट परत आणून आपटला आणि यात उंदीर मेलाय का असं विचारलं.

खरी अडचण वेगळीच आहे. नाटक कंपनीने मला कपडेपट सांभाळायला बोलावलंय, पुढच्या महिन्यापासून, पण तिकडे जाऊन राहावं लागेल. असं काम मी किती वर्षं मागतेय ते तुला ठाऊक आहे. पण मी गेले तर नळीचे सांधे कोण हुंगणार? मध्यंतरी स्वयंपाकघरातली नळी सुटली होती आणि बाबा काडी ओढायच्या बेतात होते. मला वास आला, मी धावले, म्हणून वाचलो. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ सांध्यांना नाक लावत फिरते, पाळलेल्या कुत्र्यासारखी. गळती ओळखणारा तो डबा किरकिरतो म्हणून बाबांनी माळ्यावर टाकला. टाकी काढा म्हटलं की गाल फुगवून बसतात. मला अगदी उबग आलाय.

लोभ असू दे. वास पाकिटात घालता आला असता तर तोही पाठवला असता.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तू पहिल्यापासूनच नाक मुरडण्यात पटाईत. मी इथे ऑफिसभर आपल्या टाकीचे फोटो दाखवलेत आणि तू तिला शिव्या घालतेस. सिलिंडर आणायची कटकट संपली, हे तरी मान्य कर. असो. मी रजा काढून येतो. तू जाऊन ते काम करून बघ, तोवर बाबांना आणि सांध्यांना मी सांभाळतो. थोड्याशा वासाने कोणी मरत नाही.

प्रेम आहेच, ते रागावून कमी करू नये.

तुझा,
छोटा

५ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे नाक घासतो. रसवाल्याकडची लिंबाची सालं मी एकदम टाकीत ओतली आणि तिचं पोट बिघडलं. गॅस बंद, आणि बाहेरच्या तोंडातून आंबट, फेसाळ राड माझ्या पायांवर. बूट फेकून दिले. नखांतला वास अजून जात नाही, घास तोंडाशी नेला की मळमळतं.

आता जे लिहितोय ते बसून वाच. काल मी गच्चीवर होतो. खाली बाबा राड उपसत होते. त्यांनी नाकातोंडावर रुमाल घट्ट आवळला होता, आणि मध्येच भिंतीला धरून ते ओकले. मला पाहिल्यावर रुमाल खिशात गेला. संध्याकाळी विचारलं तर आधी म्हणाले धुळीसाठी बांधला होता. मग म्हणाले की आजार सरल्यावर थोड्याच दिवसांत वास परत यायला लागला होता. तुला मुद्दाम सांगितलं नाही, कारण तुला हुंगायचं काम असेल तोवर तू कुठे जायची नाहीस. त्या सुटलेल्या नळीचंही मी विचारलं. त्यांना ती तुझ्याआधी कळली होती. काडी ते ओढणार नव्हते.

तुला कळवू नको म्हणाले. मी कळवतोय. मला परवा निघावंच लागेल, तेव्हा पुढचं तू ठरव.

माया राहू दे.

तुझा,
छोटा

१२ मार्च

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

छोट्याचं पत्र आलं तेव्हा मी एका राजाचा झगा उसवत बसले होते. वाचून झाल्यावर उठून हात धुतले. अळ्यांची शिसारी धुऊन जाते, ही जाईना.

तुम्हाला चव कळत नाही म्हणून करपलेली भाजी निमूट खाता, असं वाटून मी चुलीपाशी रडलेय. तुमच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातलेत. आणि तुम्ही हातात काडी धरून मी धावत येण्याची वाट बघत होतात. मला तुमची किळस आली, बाबा. हे दोनदा खोडलं, पण आली.

एकट्याला करमणार नाही, जाऊ नकोस, एवढं म्हणाला असतात तर मी चिडचिड केली असती आणि राहिले असते.

नोकरी मी पक्की केली आहे. टाकी हवी तर ठेवा, पोट सुधारलं की चांगली चालेल. सांधे तुमचे तुम्ही हुंगा. आणि करमेनासं झालं तर इथे या, माझी खोली दोघांना पुरते. फक्त दारात उभं राहून, करमत नाही म्हणून आलो, असं स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. त्याशिवाय आत घेणार नाही.

आपली,
लेक