माझं डोपामिन माझ्या ताब्यात

३ मार्च
पाठ्यपुस्तकातलं माझं प्रकरण, ‘उत्तेजक औषधं आणि मेंदूतले निरोप’, महिनाअखेर द्यायचंय. लिहून झालंय फक्त शीर्षक. विभागप्रमुख म्हणाले, या वेळी चुकलात तर दुसऱ्याला देतो. देतील कुणाला? या विषयातलं कळतंय कुणाला!

४ मार्च, सकाळ
चिमणीची गोळी घेतली. एकच. चिमणी म्हणजे आमची लेक. तिचं लक्ष टिकत नाही म्हणून डॉक्टरांनी दिलीय. रोज तिला गोळी द्यायचं काम माझ्याकडे, कारण घरात औषधांतला जाणकार मीच. तिला त्याऐवजी कॅल्शियमची दिली. तशीच पांढरी, तशीच गोल. हाडांना बरीच.

व्यसनाची भीती नाही. एक पेशी डोपामिन सोडते, शेजारणीला निरोप पोचतो, मग पंप ते डोपामिन परत ओढून घेतो. गोळी पंपाचं तोंड अडवते, निरोप रेंगाळतो. एवढं माहीत असलेला माणूस फसेल कसा?

५ मार्च
काय दिवस गेला! पानंच्या पानं. ही जेवायला बोलावून थकली.

९ मार्च
रोज एक. याला सवय म्हणत नाहीत, वेळापत्रक म्हणतात. चिमणीची कुरकुर चालू, पुस्तक उघडलं की अक्षरं पळतात म्हणे. परीक्षेची धास्ती, दुसरं काय!

१२ मार्च
एकीनं भागेना. आज दोन. डोपामिनचा मारा सतत झाला की निरोप झेलणारे रिसेप्टर कमी होतात, हे वर्गात मीच घसा फोडून शिकवतो. पण ते सर्वसाधारण माणसाचे.

१६ मार्च
प्रकरण वाचून काढलं. सगळंच्या सगळं पंपाच्या एका आकृतीवर आहे. आकृती मात्र देखणी.

आज गोळी घ्यायचीच नाही असं ठरवलं. दुपारी पलंगावर पडून ढसाढसा रडलो. कशासाठी, देव जाणे. मग घेतली. उद्यापासून बंद म्हणजे बंद.

१९ मार्च
चिमणीनं पेपर अर्धा कोरा दिला. खोलीचं दार लावून बसलीय. ही बाहेरून हाका मारून रडकुंडीला आली. चिमणी आतून एवढंच म्हणाली की, औषध घेऊनही जमत नाही, म्हणजे माझा मेंदूच नासका आहे. सांगून टाकावं म्हणून दारापर्यंत गेलो. पण ऐन परीक्षेत पोरीला धक्का नको.

२१ मार्च
तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मलाच विचारलं, तुम्ही यातले जाणकार, औषध एकाएकी लागू का पडेना? मी रिसेप्टरांवर बोललो. फार छान बोललो. शब्दन् शब्द खरा होता, फक्त मेंदू तिचा नव्हता. ही कौतुकानं बघत होती. डॉक्टरांनी रोजच्या दोन गोळ्या केल्या.

येताना चिमणीनं माझा हात धरला. म्हणाली, बाबा, हात केवढा थरथरतोय तुमचा. तुझ्या काळजीनं गं, म्हटलं. तिनं आणखी घट्ट धरला.

२२ मार्च, सकाळ
नवं पाकीट फोडलं. पक्कं ठरवलं होतं, एक तिला, एक मला. कुणावर अन्याय नाही. ती दात घासून येईपर्यंत दोन्ही माझ्या पोटात गेल्या होत्या. आता समोर उभी आहे, तळहात पुढे करून.