वाकळेच्या चिठ्ठीत माझ्या हयात नवऱ्यास मयत दाखविल्याबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, माण (दहिवडी), जि. सातारा

विषय : चिठ्ठी रद्द करून वाकळ परत मिळणेबाबत.
संदर्भ : वाकळेला शिवलेली छापील चिठ्ठी.

महोदय,

आपल्या परवानगीने आमच्या समाजमंदिरात सांगलीची एक संस्था शिवणाचे काम चालवते. आम्ही अकरा बायका जुन्या लुगड्यांच्या वाकळा हाताने शिवतो. नवे कापड नाही, घाई नाही. कामाबद्दल तक्रार नाही.

संस्था प्रत्येक वाकळेला शिवणारीच्या माहितीची चिठ्ठी लावते. मी तीन वर्षांपूर्वी साक्षरता वर्गात वाचायला शिकले, हे संस्थेला माहीत नसावे. सोमवारी सांगलीत विश्रामबागला भरणाऱ्या प्रदर्शनासाठी गठ्ठे बांधताना मी माझी चिठ्ठी वाचली. ‘दिवंगत पतीच्या आठवणी हरणाबाईंनी टाक्याटाक्यात जपल्या,’ असे तीत आहे. माझे मालक कोंडीबा त्या वेळी बाहेर पारावर तंबाखू मळत होते.

चूक थोडी माझी आहे. आमच्याकडे माणूस गेल्यावर त्याचा पटका वाकळेत घालतात. मालकांनी गुडघ्यामुळे मेंढरांमागे जाणे सोडले, मुलाने आणलेली टोपी घालू लागले, म्हणून मी पडून असलेला तांबडा पटका त्यांना न विचारता मधल्या थरात घातला. संस्थेच्या सोनमने तांबडे कापड पाहून विचारले. शेजारच्या बनुबाईने तिला रीत सांगितली. मला कोणी विचारले नाही.

संशय आल्याने मी बाकीच्या चिठ्ठ्याही वाचल्या. अकरांपैकी पाच नवरे मयत आहेत. खरा मयत एक. बनुबाईला ‘ही कला जाणणारी शेवटची स्त्री’ केले आहे. तिच्या तिन्ही मुली तिच्या शेजारीच बसून शिवतात. मी जाब विचारला तर सोनम म्हणाली, “आजी, गोष्टीशिवाय वाकळ कोण घेतं?” म्हणजे टाके आमचे पुरत नाहीत, वर माणूसही मारावा लागतो काय, याची चौकशी व्हावी. माझे वय चिठ्ठीत ब्याऐंशी आहे. आधारकार्डावर एकाहत्तर आहे. पुढच्या प्रदर्शनापर्यंत मलाही मयत करतील, अशी भीती वाटते.

मालकांना हे गावातून कळले. ते म्हणाले, “मला वाकळंत घातलंस व्हय? मग भाकरी कुणाला वाढतीस?” मी हसले, ते हसले नाहीत. चार दिवस झाले, ताटावर बसतात आणि तसेच उठतात. टोपीही काढून ठेवली आहे. पटका डोक्याला बांधल्याशिवाय त्यांचे मन जाग्यावर येणार नाही.

तरी रविवारी प्रदर्शन उघडण्याआधी ती वाकळ मागवून घ्यावी. मी आपल्यासमोर उसवून पटका काढीन आणि तिथे माझे लुगडे घालून पुन्हा शिवून देईन. चिठ्ठीचा मजकूर मात्र मी स्वतः वाचल्याशिवाय छापू नये.

हा अर्ज मी स्वतः लिहिला आहे. लिहिणारा मध्ये घातला की काय होते, ते पाहिले. मालकांना लिहिता येत नाही, म्हणून खाली त्यांचा अंगठा घेतला आहे. तो आजचा आहे. शंका असल्यास ते कचेरीबाहेर बसले आहेत, बोलावून पाहावे.

आपली,
हरणाबाई कोंडीबा शिंगाडे
(सही)

कोंडीबा, हयात
(डावा अंगठा)

दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत : चिठ्ठी, मूळ. टाके उसवून काढली आहे, फाडलेली नाही.