सगळ्यांसाठीचं दालन

३ मार्च
आजही घुमटाखालचा ढिगाराच उपसला. संपतच नाही! मोसुलला परत आले, हा वेडेपणाच केला का मी? आम्हा ख्रिस्त्यांचं एकही घर गल्लीत परतलेलं नाही. मग हे चर्च उभारायचं कोणासाठी? फादर योसेफ म्हणतात, "प्रार्थनेला नाही कोणी आलं तरी गल्ली येईल. मुसलमान, यझिदी, सगळे. मधल्या दालनात बसतील, बोलतील."
बसतील! माझ्या भावाला, मत्तीला, त्या काळ्या झेंडेवाल्यांनी इथूनच ओढत नेलं. तेव्हा कुठे होती गल्ली?

४ मार्च
शेजारची उम्म नश्वान, म्हणजे नश्वानची आई, पुन्हा घमेलं घेऊन हजर. तिचा हा मुलगा त्या झेंडेवाल्यांना जाऊन मिळाला होता, म्हणून तिच्याशी कोणी बोलत नाही. मीही फारसं नाही. तरी येते. हात सोलवटलेत.
"राहू दे," म्हटलं.
"घरी बसून काय करू गं? भिंतींशी बोलू?"

९ मार्च
वेदीमागे हाडं सापडली. मत्तीच असू दे, देवा. मत्तीच असू दे. निदान त्याला पुरता तरी येईल.

११ मार्च
मत्ती नाही.
हाडं तपासणारे डॉक्टर म्हणाले, मांडीच्या हाडात लोखंडी सळी आहे. उम्म नश्वान पुढे आली. "माझा नश्वान तुतीच्या झाडावरून पडला होता. लहान होता तेव्हा. तेव्हाच सळी घातली."
म्हणजे शेवटपर्यंत तो इथेच होता — आमच्या वेदीमागे, बंदूक घेऊन!

१२ मार्च
तिने दालन मागितलं. दुखवट्यासाठी! मशिदीत नाही म्हणाले, घरी कोणी फिरकणार नाही.
"सगळ्यांसाठी आहे म्हणालात ना?"
मी किंचाळले, "आधी माझ्या मत्तीचं एक तरी हाड आणून दे!"
ती गेली. मागोमाग हाजी यूनुस गल्लीच्या वतीने बजावून गेले — "त्याच्या दुखवट्याचा फातिहा इथे झाला, तर आमचं पाऊल पडणार नाही." फादर म्हणतात, "किल्ली तुझ्याकडे आहे, नजीबा. मला विचारू नकोस."
मग कोणाला विचारू?

१३ मार्च
मत्तीने काय केलं असतं? माहीत आहे मला. म्हणूनच त्याचा राग येतोय.

१५ मार्च
दालन उघडलं. कोणी आलं नाही. मी दुखवट्याला देतात तशी कडू कॉफी करून नेली. तिने पेला नुसताच हातात धरला. म्हणाली, "मत्तीला नेलं ना, तेव्हा नश्वान होता त्यांच्यात. मी गच्चीवरून पाहिलं."
मी उठले. दारापर्यंत गेले. बाहेर गल्ली बघत उभी होती.
परत आले. तिच्याशेजारी बसले.